धान्यावरचा खर्च घटला, वाचलेला पैसा गेला कुठे? भारतीय घरखर्चाचा एक प्रकरण अभ्यास

फेब्रुवारी २०२४ च्या अखेरीस केंद्र सरकारच्या सांख्यिकी मंत्रालयाने २०२२-२३ च्या घरगुती उपभोग खर्च पाहणीचे आकडे जाहीर केले आणि त्यातल्या एका आकड्यावर बरीच चर्चा झाली. खेड्यातल्या घरखर्चात खाण्यापिण्याचा वाटा ४६.३८ टक्क्यांवर आला होता. १९९९-२००० मध्ये तो ५९.४० टक्के होता, २०११-१२ मध्ये ५२.९० टक्के. शहरांत याच काळात तो ४८.०६ वरून ४२.६२ आणि तिथून ३९.१७ टक्क्यांवर उतरला. धान्याची घसरण तर याहून मोठी. गहू, तांदूळ, ज्वारी, बाजरी या सगळ्यांवर खेड्यातले घर १९९९-२००० मध्ये शंभरातले २२ रुपये खर्च करत होते. २०२२-२३ मध्ये पाच रुपयेसुद्धा नाहीत.

अर्न्स्ट एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने १८५७ मध्ये बेल्जियमच्या कुटुंबांचे हिशेब तपासून दाखवले होते की घराचे उत्पन्न वाढत जाते तसे खर्चातले अन्नाचे प्रमाण कमी होत जाते. त्यामुळे हे आकडे येताच निष्कर्षही आला: लोकांच्या हातात पैसा आला, गरिबी हटू लागली. यात तथ्य आहे. महागाई वजा केली तरी २०११-१२ ते २०२२-२३ या अकरा वर्षांत खेड्यातला दरडोई खर्च सुमारे ४० टक्क्यांनी आणि शहरातला ३३ टक्क्यांनी वाढला. तरीही धान्यावरचा वाटा कमी झाला एवढे सांगून थांबणे मला पटत नाही. जी जागा मोकळी झाली ती कशाने भरली, हे पाहिल्याशिवाय घर सुखी झाले की फक्त त्याच्या अडचणी बदलल्या, हे कळत नाही. ब्राझीलपासून भारतापर्यंत मध्यम उत्पन्नाच्या देशांत हा प्रश्न सारखाच येतो. इथे मी भारताचे प्रकरण घेतो आहे, कारण त्याचे आकडे तपशिलात उपलब्ध आहेत आणि महाराष्ट्रातली घरे त्यात आहेत.

आधी पाहणीबद्दल

ही पाहणी साधारण पाच वर्षांनी होत असे. २०१७-१८ ची झाली, पण तिचे निकाल सरकारने दर्जाचे कारण देऊन नोव्हेंबर २०१९ मध्ये रद्दबातल ठरवले. त्याच सुमारास त्या अहवालातला दरडोई खर्च प्रत्यक्षात घटल्याचा आकडा वर्तमानपत्रात फुटला होता. परिणाम असा की नोटाबंदी, जीएसटी आणि कोविड या तिन्ही धक्क्यांच्या काळात भारतीय घर कसे जगले याचा अधिकृत हिशेब हाती नाही. अकरा वर्षांचे अंतर एका उडीत पार करावे लागते. एवढ्या मोठ्या देशाचे हे नुकसानच म्हणायचे.

ऑगस्ट २०२२ ते जुलै २०२३ या काळात पाहणी पुन्हा झाली तेव्हा पद्धत बदलली होती. २,६१,७४६ घरांना भेटी दिल्या गेल्या. पूर्वी पाहणीस एकजण एकदाच यायचा आणि एकाच बैठकीत शेकडो वस्तूंची यादी विचारायचा. ज्याने घरात असा पाहुणा बघितला असेल त्याला ठाऊक आहे की तासाभरानंतर घरातली बाई ‘टाका अंदाजे काहीतरी’ म्हणू लागते. आता प्रश्नावलीचे तीन भाग झाले: अन्न, रोजच्या वापराच्या वस्तू व सेवा, आणि टिकाऊ वस्तू. प्रत्येक भागासाठी वेगळ्या महिन्यात भेट. भाजी, फळे, तेल, अंडी, मांसमच्छी, बाहेरचे खाणे हे मागच्या सात दिवसांचे विचारायचे. धान्य, डाळ, दूध, साखर तीस दिवसांचे. कपडे, शाळेची फी, दवाखान्यात दाखल झाल्याचा खर्च, फ्रिज-टीव्ही-मोटारसायकल वर्षभराचे. वस्तूंची यादीही ३४७ वरून ४०५ वर गेली.

पद्धत सुधारली, म्हणून उत्तरे अधिक भरून आली. त्यामुळे २०११-१२ शी तुलना करताना वाढीतला काही भाग नुसता नीट विचारल्यामुळे दिसतो आहे, हे धरून चालावे लागते. सांख्यिकी मंत्रालयानेही हा इशारा दिला होता. पुढचे आकडे तेवढ्या सावधपणाने वाचायचे.

पाच माणसांचे एक घर

टक्केवारीतून घर दिसत नाही, म्हणून एक साधा हिशेब मांडतो. ग्रामीण भारताची सरासरी घेऊन पाच माणसांचे एक घर कल्पू. हे कुणाचे खरे घर नव्हे, दरडोई आकड्याला पाचने गुणलेले घर आहे.

२०११-१२ मध्ये या घराचा महिन्याचा खर्च होता ७,१५० रुपये. २०२२-२३ मध्ये झाला सुमारे १८,८६५. म्हणजे २.६ पट. याच काळात धान्याचा खर्च ७७० रुपयांच्या आसपास होता तो ९२५ झाला, जेमतेम १.२ पट. महागाई धरली तर तो चक्क घटला.

प्रवासखर्च मात्र ३०० रुपयांवरून १,४२५ रुपयांवर गेला. पावणेपाच पट. घरखर्चातला वाटा म्हणून पाहिले तर ४.२० वरून ७.५५ टक्के. खेड्यातल्या घरात बिगर-अन्न खर्चात तो वरच्या ओळीत येऊन बसला. चहा, बिस्किटे, फरसाण, थंड पेये, शिजवलेले विकतचे जेवण या सगळ्यांची एकत्र रक्कम ५६५ वरून १,८१५ झाली. दुधापेक्षाही जास्त, कारण दुधावर १,५७० रुपये आहेत. औषधपाणी ४७५ वरून १,३४५. मुलांचे शिक्षण २५० वरून ६२५.

शिक्षणाची ही ओळ पुन्हा वाचावी अशी आहे. एकूण खर्च २.६ पट वाढला आणि शिक्षण २.५ पट. म्हणजे शिक्षणाचा वाटा वाढण्याऐवजी घटला: खेड्यात ३.४९ वरून ३.३० टक्के, शहरात ६.९० वरून ५.७८. पान, तंबाखू आणि नशापाणी यांचा वाटा खेड्यात ३.७९ टक्के आहे, शिक्षणापेक्षा जास्त. कोविडनंतर काही घरांनी मुले खासगी शाळांतून काढून सरकारी शाळांत घातली, हे त्यातले एक कारण असावे. पण ज्या देशाची सगळी मदार तरुण लोकसंख्येवर आहे, त्याच्या घरखर्चात हा वाटा घटतो हे मला अस्वस्थ करते.

धान्य कमी झाले की फुकट झाले?

एंगेलचा नियम जिथे अडखळतो ती जागा ही. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा २०१३ चा. त्याने ग्रामीण लोकसंख्येच्या पाऊणभागाला आणि शहरी लोकसंख्येच्या निम्म्या भागाला दरमाणशी पाच किलो धान्य दोन-तीन रुपये किलोने देण्याची तरतूद केली. एप्रिल २०२० पासून कोविडमुळे त्यावर आणखी पाच किलो फुकट मिळू लागले. १ जानेवारी २०२३ पासून वाढीव धान्य बंद झाले आणि मूळचे पाच किलो पूर्ण मोफत झाले. पाहणीचा काळ नेमका या दोन्ही व्यवस्थांच्या मधोमध येतो.

घराने रेशन दुकानातून २५ किलो धान्य आणले आणि त्याला पैसे दिले नाहीत, तर पाहणीच्या मुख्य आकड्यात त्याची किंमत शून्य. ताटातली पोळी तेवढीच, वहीतला खर्च नाहीसा. सांख्यिकी कार्यालयाने म्हणूनच फुकट मिळालेल्या वस्तूंची बाजारभावाने किंमत धरून दुसरा हिशेबही दिला. त्यात ग्रामीण दरडोई खर्च ३,७७३ ऐवजी ३,८६० होतो आणि धान्याचा वाटा ४.९१ ऐवजी ६.९२ टक्के. घसरण खरी आहे, पण जेवढी दिसते तेवढी नाही. आणि तिचा एक भाग घराच्या वाढत्या कमाईचा नसून रेशनच्या पिशवीचा आहे.

रेशनच्या या पिशवीने महाराष्ट्रात आणखी एक गोष्ट केली. रेशनवर गहू-तांदूळ येतो, ज्वारी क्वचितच. सोलापूर, मराठवाडा, नगरचा पूर्व भाग, जिथे पिढ्यान्‌पिढ्या भाकरी हेच जेवण होते, तिथे हळूहळू गव्हाची पोळी रोजची झाली आणि ज्वारी विकत घेऊन खायची, म्हणजे खर्चाची वस्तू झाली. रेशन नको असे कुणी समजदार माणूस म्हणणार नाही. २०२० च्या टाळेबंदीत त्याने लाखो चुली पेटत्या ठेवल्या. पण स्वस्त धान्याने ताट बदलले आणि वाचलेल्या पैशातून डाळ, भाजी, दूध फार वाढले असेही नाही. दूध आणि अंडी-मांसमच्छी यांचे वाटे किंचितच सरकले. मोठी उडी घेतली ती पुड्यातल्या आणि विकतच्या खाण्याने.

ती का घेतली, याचे उत्तर लोकांच्या जिभेत शोधण्यापेक्षा त्यांच्या दिनक्रमात शोधावे. शेतावर, बांधकामावर, एमआयडीसीत जाणाऱ्या माणसाला दुपारचे काहीतरी लागते. बाई कामाला जाते तेव्हा पोराच्या हातात पाच रुपयांचा पुडा देऊन जाते. कुठल्याही वाडीवरचे दुकान पाहा, दारात छतापासून खाली लोंबणाऱ्या चिप्स-कुरकुऱ्यांच्या माळा, खाली बिस्किटांचे खोके, आणि डाळ-गूळ आत अंधारात. पाच आणि दहा रुपये हे दोन भाव मजुराच्या रोजच्या हिशेबात बसतात. किंमत तीच ठेवून पुड्यातले वजन कमी करण्याची युक्ती त्यामुळेच चालते. घरातल्या माणसाला भाव वाढल्याचे कळत नाही. २०२३-२४ च्या पाहणीत विकतच्या खाण्यापिण्याचा वाटा आणखी वाढून खेड्यात ९.८४ आणि शहरात ११.०९ टक्के झाला. या गटात खानावळीचा डबा आणि वसतिगृहातले जेवणही धरलेले आहे, म्हणून सगळे चिप्सच्या माथी मारता येत नाही. पुण्यात खोली करून राहणारा परभणीचा विद्यार्थीही त्यात आहे.

तेरा लिटर पेट्रोल

या प्रकरणाचा गाभा मला प्रवासखर्चात दिसतो.

पाहणीच्या काळात मुंबईत पेट्रोल १०६ रुपयांच्या घरात होते. आपल्या पाच माणसांच्या घराचे १,४२५ रुपये सगळे पेट्रोलमध्ये घातले तर तेरा लिटरच्या आसपास येते. एका मोटारसायकलची महिन्याची धाव. यात चैन कुठे आहे? माध्यमिक शाळा पुढच्या गावी, बँक आणि तहसील तालुक्याला, काम आणखी वीस किलोमीटरवर. गावात सकाळ-संध्याकाळ एकच एसटी येत असेल आणि कामाची वेळ तिच्याशी जुळत नसेल तर दोनच पर्याय उरतात: वडापात दाटीवाटीने बसणे किंवा हप्त्यावर गाडी घेणे. गाडी घेतली की ती टिकाऊ वस्तूंच्या खात्यात जाते. खेड्यातल्या खर्चात टिकाऊ वस्तूंचा वाटा ६.८९ टक्के झाला आहे. प्रवास आणि या वस्तू एकत्र धरल्या तर वाचलेल्या धान्याच्या पैशाचा मोठा हिस्सा रस्त्यावर गेलेला दिसतो.

महाराष्ट्रात याला एक जवळचा संदर्भ आहे. ऑक्टोबर २०२१ ते एप्रिल २०२२ एसटी कर्मचाऱ्यांचा संप चालला. कितीतरी गावांची गाडी त्या काळात बंद होती. ज्याने तेव्हा कर्ज काढून दुचाकी घेतली तो संप मिटल्यावर पुन्हा एसटीच्या थांब्यावर उभा राहिला असेल असे मला वाटत नाही. पुढे १७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धे तिकीट झाले. गाड्या भरून धावू लागल्या, आणि त्यातून एक गोष्ट स्पष्ट झाली. स्वस्त सार्वजनिक प्रवास मिळाला तर लोक तो घेतात. खासगी गाडीचा खर्च ही हौस कमी, नाइलाज जास्त.

ब्राझीलच्या २०१७-१८ च्या घरखर्च पाहणीत हेच पुढच्या टप्प्यावर दिसले. तिथे उपभोग खर्चात वाहतुकीचा वाटा १८.१ टक्के निघाला आणि अन्नाचा १७.५. प्रवासाने जेवणाला मागे टाकण्याची ती तिथली पहिलीच वेळ. साओ पाउलोच्या कडेला राहणाऱ्या कामगाराला रोज शहर ओलांडून जावे लागते, घरे स्वस्त तिथे काम नाही आणि काम आहे तिथे घर परवडत नाही. बदलापूर-विरारवरून मुंबईला येणाऱ्या माणसाला हे समजावून सांगावे लागणार नाही. त्याला निदान लोकल आहे.

मेडिकलच्या काउंटरवर

औषधोपचाराचा वाटा खेड्यात ६.६५ वरून ७.१३ टक्के झाला, वाढ लहान आहे. त्याची फोड जास्त बोलकी. या ७.१३ पैकी दवाखान्यात दाखल झाल्याचा खर्च २.३६ टक्के, आणि दाखल न होता केलेला ४.७७ टक्के. म्हणजे घराचा पैसा दाखल होण्यापेक्षा दुप्पट प्रमाणात गोळ्या, तपासण्या आणि डॉक्टरच्या फीमध्ये जातो.

आयुष्मान भारत काय किंवा महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना काय, दोन्हींचा भर दाखल झालेल्या रुग्णावर आहे. त्यांनी अनेक घरे कर्जातून वाचवली, हे मान्यच. पण शुगर आणि बीपीच्या गोळ्या रोज लागतात, आयुष्यभर, आणि त्या योजनेत बसत नाहीत. तालुक्याच्या कुठल्याही मेडिकलच्या काउंटरपाशी थोडा वेळ उभे राहिले तर दिसते: म्हातारी चिठ्ठी पुढे करते, दुकानदार पंधरा गोळ्यांची पट्टी काढतो, ती म्हणते पाचच द्या. कात्रीने पट्टी कापली जाते. आठ दिवसांनी बाजाराला आली की पुढच्या पाच. नाही आली तर तेवढे दिवस गोळी नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात त्या गोळ्या फुकट मिळायला हव्यात. जिथे साठा संपलेला असतो तिथे घराच्या खर्चात ४.७७ टक्के भरतात. पाहणीच्या आकड्यात न घेतलेली गोळी दिसत नाही. खर्च कमी दिसला म्हणजे आजार कमी झाला असे इथे समजता येत नाही.

पुढच्याच वर्षी काटा उलटा फिरला

ऑगस्ट २०२३ ते जुलै २०२४ ची पाहणी लगेच झाली. दरडोई खर्च खेड्यात ४,१२२ आणि शहरात ६,९९६ रुपये झाला. महाराष्ट्रात तो अनुक्रमे ४,१४५ आणि ७,३६३. म्हणजे आपली शहरे देशाच्या सरासरीच्या पुढे आहेत आणि आपली खेडी सरासरीला जेमतेम टेकलेली. मुंबई-पुण्याच्या झगमगाटात हे विसरले जाते, पण महाराष्ट्र श्रीमंत राज्य आहे हे वाक्य अर्ध्या महाराष्ट्राला लागू पडत नाही.

या दुसऱ्या पाहणीत अन्नाचा वाटा पुन्हा वर गेला: खेड्यात ४७.०४, शहरात ३९.६८. कारण उघड होते. जुलै २०२३ मध्ये टोमॅटोने शंभरी ओलांडली, किरकोळ महागाई ७.४४ टक्क्यांवर आणि खाद्यपदार्थांची महागाई ११ टक्क्यांच्या पुढे गेली. पुढे वर्षभर भाज्या, डाळी तापलेल्याच राहिल्या. पंचवीस वर्षांचा कल मोडला असे यावरून म्हणता येणार नाही. पण भाव वाढले की घर पुन्हा पोटाकडे वळते आणि बाकीच्या खर्चाला कात्री लागते, इतपत तो कल नाजूक आहे. त्याच सुमारास रिझर्व्ह बँकेच्या आकडेवारीत २०२२-२३ ची घरगुती निव्वळ वित्तीय बचत, म्हणजे नवे कर्ज वजा करून उरलेली बचत, जीडीपीच्या सुमारे ५ टक्क्यांवर, कित्येक दशकांच्या नीचांकाला, आलेली होती. खर्च वाढतो आहे आणि तोंडमिळवणी कर्जाने होते आहे, हे दोन्ही एकत्र वाचावे.

लाडकी बहीणचे दीड हजार रुपये या दोन्ही पाहण्यांनंतरचे आहेत. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी कमी झाला तोही नंतरचा: बिस्किटे, फरसाण, साबण ५ टक्क्यांवर आले, बहुतेक औषधे १२ वरून ५ वर, ३५० सीसीपर्यंतच्या दुचाक्या २८ वरून १८ वर. औषधांवरची सवलत थेट त्या कापलेल्या पट्टीपर्यंत पोहोचू शकते. दुचाकी स्वस्त होणे घराला आवडेलच. तिच्यात रोज घालायचे पेट्रोल जीएसटीच्या बाहेर आहे.

सरासरीच्या मागे किती अंतर लपते तेही नोंदवायला हवे. २०२२-२३ मध्ये ग्रामीण भारताच्या तळाच्या ५ टक्के लोकांचा दरडोई मासिक खर्च १,३७३ रुपये होता आणि शहरांतल्या वरच्या ५ टक्क्यांचा २०,८२४. तळच्या घरात पाच माणसे असतील तर सगळा महिना ६,८६५ रुपयांत. तिथे अन्नाचा वाटा अजूनही निम्म्याहून जास्त असतो आणि धान्य फुकट असल्यामुळेच बाकीचे चाक फिरते.

आकड्यांचा मजुरीशी संबंध

ही पाहणी अर्थशास्त्रज्ञांच्या वादापुरती राहत नाही, कारण महागाई मोजण्याची टोपली, म्हणजे कुठल्या वस्तूला किती वजन द्यायचे ती यादी, तिच्यातून भरली जाते. २०१२ च्या ग्राहक किंमत निर्देशांकात अन्न व पेयांचे वजन ४५.८६ टक्के होते, तेही २०११-१२ च्या सवयींवरून. दशकभर रिझर्व्ह बँक व्याजदर ठरवताना त्या जुन्या टोपलीकडे पाहत होती. २०२३-२४ च्या पाहणीवर आधारलेली नवी मालिका २०२६ मध्ये आली आणि अन्नाचे वजन बरेच खाली आले. सरासरी घरासाठी ते योग्य आहे. तळच्या घरासाठी मात्र भाजी महागल्याची झळ आता अधिकृत आकड्यात आधीपेक्षा कमी उमटेल.

शेतमजुरांच्या निर्देशांकाचे दुखणे याच्या उलट होते. १९८६-८७ हे त्याचे पायाभूत वर्ष, वस्तूंची वजने १९८३ च्या पाहणीतली, आणि अन्नाचे वजन ६९ टक्क्यांच्या घरात. रोजगार हमीची मजुरी अनेक वर्षे याच निर्देशांकाप्रमाणे वाढत होती. १९८३ च्या मजुराकडे मोबाइल नव्हता, मोटारसायकल नव्हती आणि दर महिन्याला शुगरच्या गोळ्याही नव्हत्या. म्हणून पेट्रोल किंवा औषध महागले तरी मजुरीच्या हिशेबात त्याला जवळजवळ किंमत नव्हती. हा निर्देशांक २०१९ च्या पायावर नव्याने यायला जुलै २०२५ उजाडले. तोवर मजुराच्या घरातला पैसा धान्यावरून रस्त्याकडे आणि औषधांकडे वळून किमान दहा वर्षे झाली होती, आणि तेवढी वर्षे त्याची मजुरी वाढत होती ती त्याच्या आईबापांच्या काळातल्या किराण्याच्या यादीवरून.